गाठ आटली, म्हणून प्लॅन बदलला

नागपुरात प्रोटॉनचं यंत्र नाही. तरी फुफ्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या घरात हा शब्द आठवड्याच्या आत येऊन थडकतो. पुण्याचा भाचा फोनवर सांगतो, 'साधा शेक देऊ नका, आता प्रोटॉन आलंय, ते नेमकं गाठीवरच थांबतं.' मग जामठ्याच्या एनसीआयमध्ये, मानेवाडा रस्त्यावरच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात, नाहीतर सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत रांगेत बसलेले नातेवाईक डॉक्टरांना विचारतात : खारघरला नेऊ का? चेन्नईला नेऊ का?

भाचा खोटं बोलत नाही. प्रोटॉन गाठीवर थांबवता येतो, हे खरं आहे. पण कोणत्या गाठीवर? पहिल्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये दिसली त्या. उपचार चालतो सहा आठवडे, आणि तेवढ्या काळात छातीतली परिस्थिती जागच्या जागी राहत नाही. गाठ आटते, मिटलेला फुफ्फुसाचा भाग उघडतो, कधी पाणी भरतं, माणूस वाळतो. साध्या क्ष-किरणांच्या प्लॅनला, म्हणजे किरण कुठून आणि किती सोडायचे या आखणीला, या बदलांचा फटका बसतो, पण बेताचा. प्रोटॉनच्या प्लॅनला जबर बसतो. म्हणून फुफ्फुसासाठी प्रोटॉन द्यायचा तर प्लॅन अधूनमधून तपासावा लागतो आणि गरज पडली की नव्याने करावा लागतो. घरच्यांना नेमकी याचीच भीती वाटते. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, 'पुन्हा सीटी काढू, प्लॅन बदलावा लागेल,' की बाहेरच्या बाकावर कुजबुज सुरू होते : काही चुकलं का? आजार वाढला का? पुष्कळदा उत्तर उलटं असतं. गाठ लहान झाली, म्हणूनच प्लॅन बदलतोय.

हे असं का, ते समजून घ्यायचं तर थोडं पदार्थविज्ञानात शिरावं लागेल. अवघड नाही.

नेहमीच्या रेडिएशनमध्ये, म्हणजे लिनॅक यंत्रावर, उच्च ऊर्जेचे क्ष-किरण वापरतात. ते शरीरात एका बाजूने शिरतात, कातडीखाली थोड्या खोलीवर सर्वांत जास्त मात्रा देतात आणि मग हळूहळू क्षीण होत दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. गाठीच्या पुढे आणि मागे जे काही वाटेत येईल, त्याला वाटा मिळतोच. अनेक दिशांनी किरण सोडून हा वाटा पसरवता येतो, पुसून टाकता येत नाही. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक. त्याला वस्तुमान आहे, विद्युतभार आहे. शरीरात शिरल्यावर तो प्रत्येक पावलाला थोडी ऊर्जा खर्च करत जातो, त्यामुळे त्याचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की दर पावलाचा खर्च वाढतो. शेवटच्या काही मिलिमीटरांत तो उरलीसुरली सगळी ऊर्जा ओतून थांबतो. पुढे काहीच जात नाही. विल्यम हेन्री ब्रॅग या शास्त्रज्ञाने १९०४च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला अल्फा कणांच्या बाबतीत हा प्रकार पाहिला, म्हणून त्या अखेरच्या उसळीला ब्रॅग शिखर म्हणतात.

त्याचा उपचारासाठी उपयोग होईल, हे सुचलं रॉबर्ट विल्सन या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाला. कणांना वेग देणारं सायक्लोट्रॉन हे यंत्र बनवणाऱ्या अर्नेस्ट लॉरेन्सचा हा विद्यार्थी. युद्धकाळात लॉस अलामोसला अणुबाँबच्या प्रकल्पावर होता. युद्ध संपल्यावर १९४६मध्ये त्याने 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात छोटासा लेख लिहिला आणि वेगवान प्रोटॉन शरीरातल्या गाठीपर्यंत नेमके पोचवता येतील, असं मांडलं. १९५४मध्ये बर्कलीला पहिले रुग्ण या झोताखाली आले. त्यानंतर तीसेक वर्षं हा उपचार भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांतच होत राहिला, कारण यंत्रं तिथेच होती. रुग्णालयाच्या आवारात सगळ्या शरीरावर उपचार करू शकणारं मोठं यंत्र १९९०मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडाला सुरू झालं. ते बनलं होतं फर्मीलॅब या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, आणि फर्मीलॅबचा संस्थापक संचालक होता हाच विल्सन.

आपल्याकडे चेन्नईच्या अपोलो प्रोटॉन सेंटरने २०१९मध्ये सुरुवात केली. महाराष्ट्रात टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या आवारात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये, उभारलेली राष्ट्रीय हॅड्रॉन बीम सुविधा ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. दोन्हीकडे बेल्जियमच्या आयबीए कंपनीची यंत्रणा आहे आणि उपचाराच्या तीन-तीन खोल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी एकच सायक्लोट्रॉन, वजन दोनशे टनांवर. तो प्रोटॉनना २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेतो, आणि तिथून निघालेला झोत चुंबकांच्या साहाय्याने एकेका खोलीकडे वळवला जातो. या ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात साधारण ३२ सेंटीमीटर जातो. कमी खोलीवर थांबवायचा असेल तर ऊर्जा कमी करायची. शंभरएक दशलक्षाला तो सात-आठ सेंटीमीटरवर थांबतो. कुठे थांबायचं ते ऊर्जेवरून ठरतं, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

वर 'पाण्यात' म्हटलं, ते मुद्दाम. स्नायू, यकृत, मेंदू हे सगळं घनतेच्या हिशेबाने पाण्याच्या जवळ जातं. म्हणून डोक्यातल्या गाठी, पाठीच्या कण्याजवळच्या गाठी, लहान मुलांचे मेंदूचे कॅन्सर यांत प्रोटॉन आपला गुण दाखवतो. कवटीत सहा आठवड्यांत फारसं काही हलत नाही. फुफ्फुस मात्र हवेने भरलेलं असतं आणि त्याची घनता पाण्याच्या चौथाई ते तिहाई इतकीच असते.

प्रोटॉन हा समृद्धी महामार्गावर टोलचे मोजके पैसे खिशात घेऊन निघालेला प्रवासी समजा. मऊ मांस म्हणजे पूर्ण दराचा रस्ता, फुफ्फुस म्हणजे पाव दराचा. खिशातले पैसे संपतील तिथे गाडी उभी राहणार. आता वाटेतला पूर्ण दराचा पट्टा कुणी कमी केला, तर उरलेल्या पैशांत पाव दराच्या रस्त्यावर गाडी चौपट पुढे जाईल.

आकड्यांत पाहू. एका रुग्णाच्या छातीची भिंत ३ सेंटीमीटर, त्यामागे ६ सेंटीमीटर फुफ्फुस, मग ४ सेंटीमीटरची गाठ. फुफ्फुसाची घनता पाण्याच्या पाव धरली, तर गाठीच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर पाण्याच्या मापात ३ अधिक दीड अधिक ४, म्हणजे साडेआठ सेंटीमीटर. तेवढी ऊर्जा देऊन प्रोटॉन सोडला. तो बरोबर मागच्या कडेला थांबला. उत्तम. चौथ्या आठवड्यात गाठ ३ सेंटीमीटरची झाली आणि मोकळ्या झालेल्या १ सेंटीमीटरच्या जागी फुफ्फुस पसरलं. आता जुन्या कडेपर्यंतचं अंतर झालं पावणेआठ. प्रोटॉनकडे पाऊण सेंटीमीटरची ऊर्जा शिल्लक. मागे फुफ्फुसच असेल तर ही पाऊण सेंटीमीटरची शिल्लक त्याला आणखी ३ सेंटीमीटर पुढे नेते. छातीत ३ सेंटीमीटर ही थोडीथोडकी जागा नाही. तिथे अन्ननलिका असू शकते, हृदयाचं आवरण असू शकतं, निरोगी फुफ्फुसाचा तो तुकडा असू शकतो ज्याच्या भरवशावर हा माणूस पुढची वर्षं जिने चढणार आहे. गाठ अवघी १ सेंटीमीटर आटली आणि झोत ३ सेंटीमीटर पलीकडे गेला. वाईट म्हणजे तो जिथे थांबतो तिथेच सर्वांत जास्त मात्रा ओततो. क्ष-किरणांच्या प्लॅनमध्ये याच बदलाने मागच्या भागाची मात्रा थोडी वाढली असती, इतकंच.

उलट दिशेनेही गडबड होते. गाठीने श्वासनलिकेची फांदी दाबली की तिच्या पुढचा फुफ्फुसाचा भाग मिटतो. हवा गेली, भाग घट्ट झाला, घनता चौपट वाढली. किंवा छातीत पाणी भरलं. मग प्रोटॉनची ऊर्जा आधीच संपते आणि गाठीची पलीकडची बाजू उपाशी राहते. उपचार पूर्ण झाले असं कागदावर दिसतं, पण गाठीच्या एका कोपऱ्याला हवी तेवढी मात्रा मिळालेलीच नसते. मला या दोन्हींत ही दुसरी चूक जास्त घातक वाटते, कारण तिचा त्रास रुग्णाला त्या वेळी जाणवत नाही. पलीकडे गेलेल्या झोताने गिळताना जळजळ तरी होते, खोकला तरी वाढतो. कमी पडलेल्या झोताची तक्रार करणारं कोणी नसतं.

मिटलेला भाग उपचारादरम्यान पुन्हा उघडणं हीदेखील नेहमीची गोष्ट. रुग्णाला एकदम मोकळा श्वास येतो, घरचे खूष होतात, आणि प्लॅनिंगच्या संगणकावर मात्र सगळं उलटंपालटं झालेलं असतं. गाठ सरकलेली, हृदय किंचित सरकलेलं, घनतेचा नकाशा वेगळाच. त्यात भर विदर्भातल्या छात्यांची. जुन्या टीबीचे वण, आकसलेले कोपरे, विडीने झिजलेलं उरलेलं फुफ्फुस. आपल्या देशात एक्स-रेवरची सावली आधी टीबी समजून औषधं सुरू होतात आणि कॅन्सरचं निदान काही महिने लांबतं, हे छातीच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. नागपुरात तर कॅन्सर म्हटलं की खर्रा आणि तोंड एवढंच डोळ्यांपुढे येतं. गोंदिया-भंडाऱ्याकडची विडी आणि तिने पोखरलेली छाती मागे राहते. रुग्ण येतो तो मोठी गाठ आणि मधल्या भागातल्या सुजलेल्या लसिकाग्रंथी घेऊन, म्हणजे बहुधा तिसऱ्या टप्प्यात. मोठी गाठ म्हणजे आटायलाही पुष्कळ वाव.

ही झाली आठवड्यांच्या मापाने होणारी हालचाल. सेकंदांच्या मापाने होणारी वेगळीच : श्वास.

प्लॅनची सुरुवात होते सिम्युलेशनच्या दिवशी. रुग्णाला सपाट पाटासारख्या टेबलावर निजवतात, दोन्ही हात डोक्याच्या वर दांड्यांना धरून. पाठीखाली मण्यांनी भरलेली गादी असते. तिच्यातली हवा शोषून घेतली की ती अंगाच्या आकारात कडक होते आणि रोज त्याच साच्यात निजावं लागतं. खांदे अवघडतात. सत्तरीच्या माणसाला वीस मिनिटं हात वर ठेवणं किती जड जातं ते त्यालाच ठाऊक. कातडीवर सुईच्या टोकाएवढे गोंदणाचे ठिपके करतात, कारण मार्करच्या खुणा सहा आठवडे टिकत नाहीत. पोटावर काड्यापेटीहून थोडा मोठा ठोकळा ठेवतात, तो श्वासाबरोबर वरखाली होतो आणि कॅमेरा त्याची लाट टिपतो. त्या लाटेला जुळवून सीटीची चित्रं सहसा श्वासाच्या दहा टप्प्यांत वाटली जातात. याला फोर-डी सीटी म्हणतात. डॉक्टरांना मग गाठ एका जागी बसलेली दिसत नाही, झुलताना दिसते. वरच्या खंडातली गाठ जेमतेम हलते; छाती आणि पोट यांमधल्या पडद्याजवळची, खालच्या खंडातली, एका श्वासात सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही जास्त.

आजची प्रोटॉन यंत्रं पेन्सिलच्या टोकासारख्या बारीक झोताने गाठ थराथराने, ठिपक्याठिपक्याने भरतात. सर्वांत खोल थर आधी, मग ऊर्जा उतरवून त्याच्या अलीकडचा. ही पद्धत स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत १९९६पासून रुग्णांवर वापरात आली. स्थिर गाठीसाठी तिच्याइतकी नेटकी पद्धत नाही. पण झोतही फिरतोय आणि गाठही झुलतेय, अशा वेळी काही ठिपके एकाच जागी दोनदा पडतात आणि काही जागा कोरड्या राहतात. यावर उपाय आहेत. एकच थर अनेकदा हलक्या हाताने भरायचा. रुग्णाला खोल श्वास धरायला लावून तेवढ्याच वेळात झोत सोडायचा. किंवा श्वासाच्या ठरावीक टप्प्यावरच यंत्र चालू ठेवायचं. गाठ फारच झुलत असेल तर प्रामाणिक डॉक्टर सांगतात, 'तुम्हाला प्रोटॉन नको.' हे ऐकून नाराज व्हायचं कारण नाही.

आणखी एक अनिश्चितता तर सीटीतच दडलेली आहे. सीटीचा प्रत्येक ठिपका हॉन्सफील्डच्या मापात मोजतात : पाणी शून्य, हवा उणे हजार, फुफ्फुस साधारण उणे सातशे-आठशे. हे माप सांगतं की क्ष-किरण किती अडतात. प्रोटॉन किती अडेल, ते त्यावरून गणिताने काढावं लागतं आणि त्यात सुमारे ३ टक्क्यांची चूक धरून चालावं लागतं. दहा सेंटीमीटर खोलीला तीन-चार मिलिमीटर. म्हणून फिजिसिस्ट प्लॅन करताना संगणकाला सांगतो, की रुग्ण पाच मिलिमीटर सरकला तर काय, पल्ला तीन टक्के वाढला तर काय, घटला तर काय, हे सगळं धरून असा प्लॅन दे जो यांपैकी कशानेच कोलमडणार नाही. अशा भक्कम प्लॅनमुळे रोजच्या बारीकसारीक फरकांची चिंता मिटते. तीन आठवड्यांत सेंटीमीटरभर आटलेल्या गाठीची मिटत नाही.

तिथे लागते फेरतपासणी. 'एकदा केलेला प्लॅन शेवटपर्यंत' ही रीत सोडून रुग्णाच्या बदलांप्रमाणे उपचार बदलत न्यायचा, ही कल्पना मिशिगनमधल्या विल्यम बोमाँट हॉस्पिटलच्या दी यान आणि सहकाऱ्यांनी १९९७च्या एका शोधनिबंधात नावासकट मांडली. फुफ्फुसाच्या प्रोटॉन उपचारात तिचं रोजचं रूप साधारण असं असतं. दररोज झोत सोडण्याआधी चित्र काढून हाडं आणि गाठ जुळवून घ्यायची. आठवड्या-दोन आठवड्यांनी, रुग्ण त्याच गादीत, त्याच स्थितीत असताना पूर्ण सीटी काढायचा. मग संगणक जुना सीटी नव्यावर ताणून-आकसून बसवतो आणि जुना प्लॅन आजच्या छातीवर चालवून बघतो. आजच्या छातीत गाठीला ठरलेली मात्रा मिळतेय का? मज्जारज्जूवर मर्यादेपलीकडे जातेय का? हृदयावर, अन्ननलिकेवर? सगळं ठीक असेल तर प्लॅन तोच. बिघडलं असेल तर नवा.

नवा प्लॅन म्हणजे बटण दाबलं आणि झालं, असं नसतं. डॉक्टर प्रत्येक काप उघडून गाठीची आणि अवयवांची कड पुन्हा आखतात. इथे एक नाजूक निर्णय असतो. गाठ आटली म्हणून आखणी तेवढीच लहान करायची का? जिथून गाठ मागे हटली त्या जागेत डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात, त्यामुळे अनुभवी डॉक्टर आखणी आखडती घ्यायला सहसा कचरतात. ते प्रोटॉनची ऊर्जा नव्या घनतेप्रमाणे दुरुस्त करतात आणि जुनी जागा झाकलेलीच ठेवतात. मग फिजिसिस्ट गणित करतो, दुसरा फिजिसिस्ट ते तपासतो, यंत्रावर रुग्णाऐवजी मोजणीचं उपकरण ठेवून झोत सोडून बघतात, आणि त्यानंतरच नवा प्लॅन वापरात येतो. यात दोन-तीन दिवस सहज जातात. त्या दिवसांत जुना प्लॅन चालवायचा की थांबायचं, की तेवढ्यापुरतं लिनॅकवर न्यायचं, हा निर्णयही आधीच करून ठेवलेला बरा. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबले की गाठीला सावरायला वेळ मिळतो. म्हणून काही केंद्रं प्रोटॉनच्या प्लॅनबरोबर क्ष-किरणांचा पर्यायी प्लॅन तयार ठेवतात. यंत्र बंद पडलं तरी तो कामी येतो, आणि सायक्लोट्रॉन कधीच बंद पडत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

एवढा खटाटोप केल्यावर हाती काय लागतं? इथे उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो. मोठ्या अपेक्षेने केलेली एक चाचणी अमेरिकेतल्या एमडी अँडरसन आणि मॅसॅच्युसेट्स जनरल या रुग्णालयांत झाली. तिचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. १४९ रुग्णांना सोडत पद्धतीने प्रोटॉन किंवा आधुनिक क्ष-किरण उपचार दिला. फुफ्फुसाचा गंभीर दाह आणि गाठ पुन्हा तिथेच उद्भवणं, या दोन्ही बाबतींत प्रोटॉन सरस ठरला नाही. हृदयावरची मात्रा मात्र प्रोटॉनमध्ये कमी होती. त्या चाचणीत जुन्या पद्धतीचा, पसरट झोताचा प्रोटॉन वापरला होता हे खरं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. चाचणीच्या उत्तरार्धात आलेल्या रुग्णांना पूर्वार्धातल्या रुग्णांपेक्षा चांगले परिणाम मिळाले. यंत्रं तीच होती, माणसांचा हात बसत गेला.

मग हृदयाच्या मात्रेला महत्त्व का? त्याचं उत्तर आणखी एका अमेरिकन चाचणीत आहे. तिसऱ्या टप्प्यातल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरला ६० ग्रेऐवजी (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) ७४ ग्रे मात्रा दिली तर गाठ जास्त दबेल आणि लोक जास्त जगतील, असा सगळ्यांचा कयास होता. २०१५मध्ये निकाल आला तो उलटा. ६० ग्रेवाल्या गटातले निम्मे रुग्ण २८.७ महिन्यांहून अधिक जगले. ७४ ग्रेवाल्या गटात हाच आकडा २०.३. कारणांच्या शोधात हृदयावर पडलेली मात्रा पुढे आली. तेव्हापासून छातीच्या रेडिएशनमध्ये हृदय वाचवणं हा नुसता भविष्यातल्या त्रासाचा विषय राहिला नाही. प्रोटॉनची बाजू इथे भक्कम आहे, पण झोत ठरल्या जागी थांबत असेल तरच. आटलेल्या गाठीपलीकडे ३ सेंटीमीटर घसरलेला प्रोटॉन हृदयाचं रक्षण करत नसतो.

आता नागपूरच्या ओपीडीतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. माझं मत स्पष्ट आहे. फुफ्फुसाच्या बहुतेक रुग्णांसाठी नागपुरातच, चांगल्या लिनॅकवर, वेळेत सुरू झालेला आणि खंड न पडता पूर्ण झालेला उपचार हा दूरच्या प्रोटॉनची वाट बघण्यापेक्षा हिताचा आहे. आठशेहून अधिक किलोमीटर दूर जायचं, तिथे नंबर लागायची वाट बघायची, सहा आठवडे खोली घेऊन राहायचं, सोबत घरचं एक कमावतं माणूस अडकवायचं, आणि या सगळ्यात सुरुवात महिनाभर लांबली, तर प्रोटॉनने वाचवलेलं फुफ्फुस त्या महिन्यात वाढलेली गाठ खाऊन टाकते. काहींसाठी मात्र जाणं योग्य ठरतं. त्याच छातीला आधी एकदा रेडिएशन झालेलं असेल, गाठ मज्जारज्जूला किंवा हृदयाला अगदी चिकटून असेल, उरलेलं फुफ्फुस इतकं कमकुवत असेल की क्ष-किरणांचा प्लॅन मर्यादेत बसतच नसेल, तर खारघरचं मत घ्यायला हवं. ते मत घेण्यासाठी रुग्णाला लगेच गाडीत बसवायची गरजही नसते. सीटी-पेटची सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि इथल्या डॉक्टरांचं पत्र आधी पाठवून विचारता येतं. प्रोटॉन कुणाला उपयोगी पडेल हे ठरवण्यासाठी दोन्ही प्रकारचे प्लॅन करून शेजारी शेजारी मांडून बघण्याची पद्धत आहे, तिचा आग्रह धरावा.

आणि फेरतपासणीचा नियम लिनॅकलाही लागू आहे. गाठ तिथेही आटते, पाणी तिथेही भरतं. फरक इतकाच की क्ष-किरणांचा प्लॅन असे बदल जास्त सोसतो. लिनॅकवर रोज निघणाऱ्या कोन-बीम सीटीच्या धूसर चित्रातही सरावलेल्या टेक्नॉलॉजिस्टला मिटलेला भाग उघडलेला कळतो आणि तो डॉक्टरांना हाक मारतो. कोणत्याही रेडिएशन विभागाची पत मी तरी या एका हाकेवरून ठरवीन.

रुग्णाच्या घरच्यांनाही इथे काम आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी एवढं विचारा : मधे पुन्हा सीटी कधी होणार? प्लॅन बदलावा लागला तर किती दिवस जातील आणि तेवढ्या दिवसांत काय करणार? त्याचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे की वेगळा? सरकारी योजनेतून उपचार होत असतील तर हा शेवटचा प्रश्न आधीच कागदावर मिटवून घ्या. उपचार चालू असताना दर सोमवारी वजन करा. चार-पाच किलो उतरलं, ताप आला, श्वास अचानक जड झाला किंवा अचानक मोकळा झाला, छातीतलं पाणी बाहेर कुठे काढून घेतलं, तर त्याच दिवशी रेडिएशनच्या लोकांना सांगा; पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. श्वास मोकळा झाला ही चांगली बातमी कशाला सांगायची, असं वाटून गप्प बसू नका, त्यांना ती वाईट बातमीइतकीच हवी असते. खारघरला किंवा चेन्नईला जात असाल तर परतीचं आरक्षण सहाव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवसाचं काढू नका. आठवडाभर हाताशी ठेवा. नव्या प्लॅनसाठी दोन दिवस मागितले तर ते देता यायला हवेत.